पठारावरील शाळा आणि समुद्राचे शिक्षण



या स्मृतिव्याख्यानासाठी संस्थेने माझ्यासारख्या निवृत्त अध्यापकाला पाचारण केले, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांचा परिचय या सभागृहाला मी करून द्यावा असे नाही. मुलाने जे वाचले ते हाताने करून पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. त्या आग्रहाशी नाते सांगणारा विषय मी आज निवडला आहे. पठारावरील शाळेत समुद्राचे शिक्षण कसे द्यावे, हा तो विषय.

सारा जन्म मराठीच्या अध्यापनात घालवलेल्या माणसाने संतवाङ्मय सोडून समुद्राकडे का वळावे, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. बीदर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे आणि पूर्वेकडचा असो की पश्चिमेकडचा, समुद्र येथून सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. कलबुर्गीची स्थिती फारशी वेगळी नाही. अशा ठिकाणी समुद्रविज्ञान शिकवण्याच्या गोष्टी करणे हा हौस म्हणून ठीक, प्रत्यक्षात निरुपयोगी उद्योग वाटण्याचा संभव आहे. माझे म्हणणे मी आरंभीच थोडक्यात मांडतो. समुद्राचे शास्त्र फार मोठ्या प्रमाणात भांड्यांत, बाटल्यांत आणि तराजूवर उभे राहिले आहे. ती भांडी, त्या बाटल्या आणि तो तराजू आपल्या शाळेतही आहे. आणि ज्या मुलांच्या घरचे पीकपाणी समुद्रावर अवलंबून आहे, त्यांना समुद्र केवळ शब्दाने ओळखीचा असणे यापुढे परवडणारे नाही.

शब्दांतला समुद्र

या विषयाकडे मी शब्दांच्या वाटेने आलो. मराठीच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी एकाचे नाव ‘विवेकसिंधू’ आहे. मुकुंदराजांच्या या ग्रंथाचा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मानला जातो आणि मुकुंदराजांची समाधी आपल्या शेजारच्या अंबाजोगाईस दाखवली जाते. त्यानंतर सुमारे चार शतकांनी दासोपंतांनी गीतेवर जो प्रचंड टीकाग्रंथ रचला, त्याचे नाव ‘गीतार्णव’. अर्णव म्हणजेही समुद्र. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. वडिलांकडील सरकारी वसुली थकल्यामुळे बालवयात त्यांना बीदरला ओलीस ठेवण्यात आले होते, असे परंपरा सांगते. पुढे तेही अंबाजोगाईस स्थायिक झाले. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या भूमीतल्या दोन ग्रंथकारांना आपल्या ग्रंथासाठी समुद्राचेच नाव योग्य वाटले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. अथांगपणा, अपारता, रत्नांचा साठा, तरून जाण्याची आस हे सारे त्या एका शब्दात सामावले होते. भवसागर हा शब्द आपल्याकडे निरक्षर म्हातारीच्याही तोंडी असतो.

पण या संपन्नतेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपल्याकडचा समुद्र हा उपमेतला समुद्र आहे. त्याला चव नाही, वजन नाही, तापमान नाही. कोकणातल्या मुलाला जे शब्द अनुभवातून मिळतात ते आपल्या मुलाला निराळ्याच अर्थाने भेटतात. ‘नांगर’ म्हटले की आपल्याकडे जमीन नांगरण्याचे औत डोळ्यांपुढे येते. दालदी किंवा कोळी मुलाला तो होडी स्थिर ठेवणारा लोखंडी आकडाही असतो. ‘भरती’ म्हणजे आपल्या गावातल्या तरुणाला पोलीस भरती. ‘भांग’ म्हणजे केसांतला. अष्टमीच्या सुमारास समुद्राचे पाणी कमी चढते आणि कमी उतरते, त्यालाही किनाऱ्यावर भांग म्हणतात, हे ठाऊक असणारा पठारावर विरळा. आणि ‘बंदर’ हा शब्द तर आमच्या वर्गांत हमखास हशा पिकवतो, कारण उर्दू बोलणाऱ्या मित्रांच्या संगतीत वाढलेल्या मुलाला बंदर म्हणजे माकड. माझ्या अध्यापनकाळात कोकणातील कथा-कादंबऱ्या शिकवताना या शब्दांपाशी विद्यार्थी अडखळत, आणि शब्दकोशातला अर्थ सांगून ती अडचण दूर होत नसे. ज्या वस्तूचा अनुभव नाही तिचा अर्थ पाठ होतो, आकळत नाही.

बीदर आणि सागरी वाटा

बीदर समुद्राला कायमच परके होते असे मात्र नाही. ज्याच्या मदरशाची इमारत आजही शहरात उभी आहे तो महमूद गावान मूळचा इराणातील गीलानचा व्यापारी. समुद्रमार्गे दाभोळच्या बंदरात उतरून तो बहामनींच्या राजधानीत आला आणि पुढे राज्याचा वजीर झाला. मदरसा १४७२ चा. आणि त्याच वर्षी गावानने गोवा जिंकून बहामनी राज्याला ते महत्त्वाचे बंदर मिळवून दिले. घाटमाथ्यावरच्या राजधानीला बंदराची इतकी निकड का भासावी, याचे एक मोठे कारण घोडे हे होते. दक्षिणेतल्या सैन्यांना लागणारे जातिवंत घोडे अरबस्तान आणि इराणकडून गलबतांतून येत.

याच सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला पोहोचला. त्यानेही बरोबर एक घोडा आणला होता. त्याच्या प्रवासवर्णनाला ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखतात. कास्पियन, हिंदी महासागर आणि काळा समुद्र हे ते तीन समुद्र. बीदरच्या बाजाराचे आणि सुलतानाच्या मिरवणुकीचे त्याने केलेले वर्णन इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मला त्यात भूगोलाचा एक धडा दिसतो. अरबी समुद्रातली शिडाची जहाजे ऋतूच्या वाऱ्यावर चालत. अरबस्तानाकडून येण्याचा हंगाम वेगळा, परत जाण्याचा वेगळा. जो वारा आपल्या शेतावर पाऊस आणतो, त्याच वाऱ्याचे गणित त्या नाखव्यांना साधलेले होते. हे ज्ञान कामातून कमावलेले, हाताचे ज्ञान होते. गलबतावरून ते बाजारापर्यंत घोड्यांच्या किमतीच्या रूपाने पोहोचले. विद्यालयापर्यंत पोहोचले नाही. हाताचे ज्ञान आणि ग्रंथाचे ज्ञान यांची ही फारकत आपल्या शिक्षणाला फार काळ भोवली आहे.

भांड्यातला समुद्र

युरोपातही ही फारकत होती. ती मोडल्याचे एक उदाहरण समुद्रविज्ञानाच्या इतिहासात ठळकपणे नोंदलेले आहे. लुइजी फर्दिनांदो मार्सिली हा इटालियन तरुण १६७९ मध्ये कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजच्या इस्तंबूलला गेला. काळा समुद्र आणि भूमध्य समुद्र यांच्या बाजूंना जोडणारी बॉस्फरस ही चिंचोळी सामुद्रधुनी त्याने पाहिली. वरचे पाणी काळ्या समुद्राकडून भूमध्याकडे वाहते, हे सर्वांना दिसत होते. खालून मात्र उलटा प्रवाह आहे, असे तेथील कोळी सांगत. जाळी खोल सोडली की ती विरुद्ध दिशेला ओढली जातात, हा त्यांचा नित्याचा अनुभव होता. मार्सिलीने कोळ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेले नाही. त्याने दोरीला पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधून ती पाण्यात सोडली आणि खालचे तुकडे उलट दिशेला जातात हे पाहिले. दोन्ही समुद्रांचे पाणी भरून त्यांचे वजन पडताळले, तेव्हा काळ्या समुद्राचे पाणी हलके भरले. शेवटी त्याने एक पेटी घेतली. तिच्या मधोमध पडदा बसवून त्याला एक भोक वर आणि एक खाली ठेवले. एका बाजूला जड खारे पाणी, दुसऱ्या बाजूला हलके पाणी, आणि ओळखता यावे म्हणून एकाला रंग. भोके उघडताच जड पाणी खालच्या भोकातून पलीकडे गेले आणि हलके पाणी वरच्या भोकातून अलीकडे आले. सामुद्रधुनीतला प्रवाह पेटीत उतरला. १६८१ मध्ये रोममध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या प्रयोगाला जहाज लागले नाही. पेटी, पडदा, मीठ आणि रंग एवढ्यावर समुद्राचा एक मूलभूत नियम उलगडला. पुढे १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या महासागरांत फिरून पाण्याचे नमुने गोळा केले, तेव्हाही निर्णायक काम जमिनीवरच झाले. विल्यम डिटमार यांनी त्यांतल्या ७७ नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण केले आणि १८८४ मध्ये अहवाल दिला. पाणी कोठलेही असो, एकूण क्षार कमीअधिक असले तरी त्यांतील प्रमुख घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ सारखेच राहते, हे त्यातून पक्के झाले. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हा आकडा आज शाळकरी पुस्तकातही असतो. त्यामागे बाटलीमागून बाटली तपासण्याचे कष्ट आहेत.

आपल्या देशात हे शास्त्र आधुनिक स्वरूपात स्थिरावले ते १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेमुळे. या मोहिमेत भारतीय नौदलाच्या ज्या नौकेने भाग घेतला तिचे नाव ‘किस्तना’. हे कृष्णा नदीच्या नावाचे इंग्रजी आमदानीतील रूप. मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे ती गोव्यात दोनापावला येथे स्थिरावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषदेचा जन्म झाला. मी त्या सुमारास शाळेत होतो. राज्यपुनर्रचनेला काही वर्षेच लोटली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. घरात मराठी, बाजारात कानडी आणि जुन्या कागदपत्रांत उर्दू अशा त्रिवेणीत आम्ही वाढत होतो. आमच्या गावाजवळून वाहणाऱ्या भीमेला पुढे पोटात घेणाऱ्या कृष्णेचे नाव लावलेली नौका हिंदी महासागराचा तळ शोधते आहे, याची वार्ता आमच्या वर्गापर्यंत आली नाही. आमच्यापुढे महासागरांची नावे पाठ करण्याचे काम होते.

मात्र एक अपवाद माझ्या स्मरणात आहे. आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी एकदा पितळी परातीत पाणी घेतले, एका कडेला बर्फाचा खडा ठेवला आणि त्यावर दौतीतल्या निळ्या शाईचे दोन थेंब टाकले. बर्फ त्या काळी गावात मिळत नसे. तालुक्याच्या ठिकाणाहून भुशात गुंडाळून त्यांनी तो आणवला होता. थंड निळे पाणी परातीच्या तळाशी बसले आणि हळूहळू सरपटत दुसऱ्या कडेला गेले. ध्रुवाकडचे थंड पाणी असेच तळातून विषुववृत्ताकडे सरकते, एवढेच गुरुजी म्हणाले. महासागरांची पाठ केलेली नावे मी विसरलो असेन. ती निळी रेघ विसरलेलो नाही.

वर्गातला प्रयोग

गेल्या हिवाळ्यात याच शाळेच्या प्रयोगशाळेत मी दोन तास बसलो होतो. आठवीच्या मुलांनी मार्सिलीचाच प्रयोग मांडला होता. प्लास्टिकचा पारदर्शक डबा, मध्ये जाड पुठ्ठ्याला प्लास्टिक चिकटवून केलेला पडदा, त्याला वर-खाली दोन भोके आणि ती बुजवायला मळलेली कणीक. एका बाजूच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम या हिशोबाने, म्हणजे सुमारे सहा लहान चमचे, मीठ विरघळवून त्यात कुंकू कालवले होते. कणकेची बुचे काढताच लाल पाणी खालून पलीकडे गेले. “खालून सरकलं की हो सर,” असे एक मुलगा ओरडला. शेजारच्या मुलाने तेच कानडीत सांगितले. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, मग आपल्या मांजरेचं पाणी समुद्रात गेल्यावर वर राहतंय का खाली?”

मित्रहो, या प्रश्नात समुद्रविज्ञानाचा एक अख्खा अध्याय आहे. मांजरा गोदावरीला मिळते, भीमा कृष्णेला मिळते आणि दोन्ही महानद्या बंगालच्या उपसागरात जातात. म्हणजे बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांचे पाणी शेवटी पूर्व समुद्राचे. नदीचे गोडे पाणी हलके असल्याने ते खाऱ्या पाण्यावर पसरते. अरबी समुद्राला मोठ्या नद्या कमी मिळतात आणि तेथे बाष्पीभवन फार होते, म्हणून त्याचे वरचे पाणी किलोमागे ३५-३६ ग्रॅमांपर्यंत किंवा त्याहून अधिक खारे असते. बंगालच्या उपसागराला गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी आणि कृष्णा भेटतात. पावसाळ्यानंतर त्याच्या उत्तर भागात हाच आकडा तिसाच्याही खाली उतरतो. वर तरंगणारा हा हलका थर खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही, त्यामुळे पृष्ठभाग उबदार राहतो, आणि उबदार पृष्ठभाग हे वादळांचे खाद्य आहे. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी कृष्णेच्या मुखाशी दिवीसीमा भागात जे चक्रीवादळ आले, त्यात दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. आपली भीमा जेथे समुद्राला मिळते तीच ही भूमी.

एका डब्यातून आपण येथवर आलो. डबा म्हणजे समुद्र नव्हे, हेही मुलांना सांगितले पाहिजे. डबा स्थिर असतो, पृथ्वी फिरते, आणि त्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धातले प्रवाह आपल्या उजवीकडे वळतात. पण त्यासाठीही प्रयोग आहे. कुंभाराचे चाक संथ, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावे आणि त्यावर मध्यापासून कडेकडे हात सरळ नेत खडूची रेघ ओढावी. हात सरळ गेला तरी चाकावर रेघ वाकडी उमटते, आणि ती उजवीकडेच वळलेली असते. प्रयोगाच्या मर्यादा दाखवण्यासाठी दुसरा प्रयोग करावा, हीच शास्त्राची रीत आहे.

पायाखालचा समुद्र, डोक्यावरचा समुद्र

आता या सभागृहातल्या फरशीकडे पाहा. मुंबई-पुण्यापासून खेड्यापाड्यांपर्यंत घराघरांत जी शहाबादी फरशी बसलेली आहे, तिचे नाव कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून पडले. हा चुनखडीचा दगड आहे, आणि तो उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून बनला आहे. विल्यम किंग या भूशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये या खडकांच्या मालिकेला भीमेचेच नाव दिले. हे थर पन्नास कोटी वर्षांहून जुने आहेत. जमिनीवर तेव्हा गवताचे पातेही नव्हते. समुद्र पाहण्यासाठी चारशे किलोमीटर जाण्याची गरज नाही. आपली मुले रोज एका प्राचीन समुद्राच्या तळावर मांडी घालून जेवतात. शहाबादी फरशीची पूड करून तिच्यावर प्रयोगशाळेतल्या सौम्य आम्लाचे किंवा शिरक्याचे थेंब टाकले की बुडबुडे येतात. बीदरकडचा काळा दगड तसे करत नाही, कारण तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे. पाच मिनिटांचा हा प्रयोग दोन खडकांचे दोन जन्म सांगून जातो.

ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. वाडी, सेडम येथील सिमेंटच्या भट्ट्यांत हाच दगड भाजला जातो तेव्हा हाच वायू सुटतो. माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या या वायूपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग आजचे महासागर शोषून घेतात आणि त्यामुळे त्यांच्या पाण्याची आम्लता हळूहळू वाढते आहे. जास्वंदीच्या पाकळ्यांच्या रसाने रंगवलेल्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून ते हिरवट करावे आणि नळीने बराच वेळ फुंकत राहावे. रंगात फरक पडू लागतो. जुन्या समुद्राने दगडात कोंडलेला वायू आज नव्या समुद्राकडे परत जातो आहे, हे मुलाला फुंकर मारून समजते.

डोक्यावरचा समुद्र म्हणजे पाऊस. दोन सारखी ताटे घ्यावीत. एकात कोरडी काळी माती, दुसऱ्यात पाणी. दोन्ही उन्हात ठेवून दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवावे, मग सावलीत आणून पुन्हा नोंदवावे. माती लवकर तापते, लवकर निवते. पाणी दोन्ही बाबतींत सावकाश. तितक्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा पाण्याला तापायला चार-पाचपट उष्णता लागते. एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये मोसमी वाऱ्यांचे जे स्पष्टीकरण दिले, त्याचा गाभा जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातला हाच फरक होता. आज हे शास्त्र फार पुढे गेले आहे, तरी त्याची पहिली पायरी ती दोन ताटेच आहेत.

हे शिकणे का निकडीचे आहे, ते येथील वडीलधाऱ्यांना सांगावे लागणार नाही. १९७२ चा दुष्काळ या सभागृहातल्या अनेकांनी भोगला आहे. त्या वर्षी प्रशांत महासागराच्या पूर्व भागाचे पाणी तापले होते, ज्याला एल निनो म्हणतात. पेरूच्या किनाऱ्यावरची मासेमारी त्याच सुमारास कोसळली आणि इकडे आपल्या विहिरी आटल्या. २०१५ मध्ये पुन्हा तीव्र एल निनो आला. लागोपाठच्या दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला, मांजरा कोरडी पडली आणि एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये उलटे घडले. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे तीव्र क्षेत्र १३ तारखेला काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर आले, तेलंगण ओलांडून आपल्या भागावरून पश्चिमेकडे गेले आणि भीमेला महापूर आला. अफजलपूर, जेवर्गी भागातली गावे पाण्याने वेढली गेली, तुरीच्या शेतांत पाणी उभे राहिले. तुरीचे कोठार म्हणवणाऱ्या या जिल्ह्याचे वर्ष समुद्र ठरवतो. शेतकऱ्याच्या मुलाला हवामानाचा अंदाज ऐकताना त्यातले शब्द परके वाटू नयेत, एवढी किमान अपेक्षा शाळेकडून ठेवणे गैर नाही.

भाषा, परंपरा आणि आपले काम

कृतीतून विज्ञान शिकवण्याची परंपरा आपल्या देशात नवी नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी १९७२ मध्ये १६ शाळांत असा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो जिल्हाभर आणि जिल्ह्याबाहेरही पसरला. खेड्यातली मुले स्वतः प्रयोग करून निष्कर्ष वहीत लिहीत. सरकारी निर्णयाने २००२ मध्ये तो थांबला, पण त्यात घडलेली माणसे देशभर पसरली. अरविंद गुप्तांनी पुढे पुण्याच्या आयुकात टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून हजारो मुलांना दिली. आपल्या कलबुर्गीत १९८४ पासून जिल्हा विज्ञान केंद्र आहे. वस्तू हाताळून शिकण्याची सोय त्या काळी देशातल्या फार थोड्या जिल्ह्यांना लाभली होती.

या परंपरेत मराठीचा अध्यापक म्हणून मला एक गोष्ट जोडावीशी वाटते. क्षारता, घनता, संवहन, बाष्पीभवन हे शब्द चांगले आहेत. परिभाषेशिवाय शास्त्र चालत नाही. पण सीमाभागातल्या मुलापुढे ते अनुभवाच्या आधी आले, तर मराठी ही त्याला आणखी एक पाठ करण्याची भाषा होऊन बसते. खारे पाणी खालून सरकताना पाहिल्यावर ‘घनता’ हा शब्द आला, तर तो त्याच्या गरजेला धावून आलेला असतो. मिठाला कोणी उप्पु म्हणेल, कोणी नमक म्हणेल. डब्यातले पाणी सगळ्यांसाठी सारखेच वाहते. मराठी शाळा टिकवण्याची चिंता आपण सर्व करतो. पटसंख्येचा प्रश्न खरा आहे आणि पालकांना दोष देऊन तो सुटणार नाही. ज्या भाषेत मुलाला पहिल्यांदा काही उमगले, ती भाषा तो सहसा टाकत नाही. मराठी शाळेचे रक्षण भाषणांनी होईल त्यापेक्षा अधिक अशा दोन तासांनी होईल, अशी माझी धारणा आहे.

म्हणून शेवटी माजी विद्यार्थ्यांपुढे एक छोटी विनंती ठेवतो. तुमच्यापैकी कित्येकजण मुंबईत, गोव्यात आहात; काही विशाखापट्टण, चेन्नईकडेही नोकरीला आहात. गावी येताना स्वच्छ बाटलीत एक लिटर समुद्राचे पाणी आणा, आणि तिच्यावर जागा, तारीख आणि किनाऱ्यापासून अंदाजे किती आत ते भरले याची चिठ्ठी लावा. मुले ते पाणी तराजूवर तोलतील, आटवतील, उरलेले मीठ पूर्ण वाळवून त्याचे वजन वहीत नोंदवतील. पश्चिमेकडचे आणि पूर्वेकडचे, उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यानंतरचे असे आकडे शेजारी-शेजारी लिहिले जातील. चार-पाच वर्षांत या वहीतून अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांतला फरक आपल्या मुलांनी आपल्या हातांनी मोजलेला असेल. तिच्या पहिल्या पानावर शाळेने रोजच्या पावसाची नोंद ठेवावी, कारण तेही समुद्राचेच पाणी आहे. या कामाला मोठा निधी लागत नाही. एक कपाट, एक तराजू आणि ती वही जपणारा एक शिक्षक लागतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचे असे स्मारक त्यांनाही आवडले असते, असे मला वाटते.